दहाच्या खांद्यावरचं पोर

हिंगणवाडीच्या सुलाबाईंना राग आला की त्या हातातला खडू मोडायच्या. मोठा राग आला तर दोन. शाळेला वर्षाकाठी खडूच्या मोजक्या पेट्या मिळायच्या, त्यामुळे सातवीची पोरं बाईंचा राग खडूंवर मोजायला शिकली होती. "आज दीड खडूचा राग हाय गड्या, गप बसा," असा निरोप पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि वर्ग चिडीचूप व्हायचा.

हिंगणवाडी म्हणजे कराडच्या खाली, कृष्णाकाठचं दोनशे उंबऱ्यांचं गाव. जिल्हा सातारा. बाईंचं माहेर मात्र सांगलीकडचं, आष्ट्याचं, आणि त्याचा त्यांना अभिमान. काही बिनसलं की म्हणायच्या, "आमच्या आष्ट्यात असलं चालत न्हाई." नवरा ज्ञानू पलटणीत हवालदार. वर्षातले दहा महिने तो बर्फात आणि बाई फळ्यापुढं. घरात सासू रंगूबाई, विहिरीवरचं दीड एकर रान आणि एक आडमुठी म्हैस. सासू-सुनेचं पटायचं, पण ते दोघींनी कधी एकमेकींना कळू दिलं नाही.

पंचाहत्तर सालच्या जानेवारीत ज्ञानू सुट्टीवर आला, तो बिस्तऱ्यात ऊस गुंडाळून. माणसं सुट्टीवर येताना बायकोला साडी आणतात. ह्या गड्यानं ऊस आणला. पलटणीनं त्याला दक्षिणेत कसल्याशा शिक्षणाला धाडलं होतं. तिथून परतताना कोइमतूरजवळ एका मळेवाल्याकडं त्यानं हा ऊस बघितला आणि खुळ्यागत बघतच राहिला. मनगटाएवढा जाड, पेरावर पेर लांब, पानाला टोचणारी कूस नाही. गावात तेव्हा बांधाला बांध लावून सगळा सातशे चाळीस जातीचा ऊस. त्यापुढं हा म्हणजे पैलवानच. मळेवाल्यानं एक ऊस दिला. बुडख्याची दहा कांडी ज्ञानूनं गाडीतच खाऊन टाकली, कारण बुडख्याचे डोळे म्हातारे, ते उगवत नाहीत. शेंड्याकडची दहा कांडी बेण्याला म्हणून बिस्तऱ्यात घातली. तीन गाड्या बदलल्या. दर डब्यात कुणीतरी म्हणायचं, "हवालदारसाब, एक टुकडा तो दो." मिरजेपर्यंत तो बिस्तऱ्यावर बसूनच आला.

"ह्यो वाढीव," तो सुलाबाईंना म्हणाला. "तुला हिशेब येतोय. माझ्या आईला दे म्हणशील तर ती गावाला वाटून टाकंल."

बाईंनी दहा डोळे दहा जागी लावले. तीन आंधळे निघाले, एक म्हशीनं तुडवला. सहा उगवले, आणि एकेका डोळ्याचं दहा-दहा उसांचं बेट झालं. ज्ञानूचं पत्र यायचं, त्यात पहिली चौकशी उसाची, दुसरी आईची, तिसरी बायकोची. "बघा की, माझा नंबर तिसरा," म्हणून सुलाबाई फणकारायच्या. पण रोज शाळा सुटली की वाकडी वाट करून विहिरीवर जायच्या आणि त्या बेटांपाशी नुसत्याच उभ्या राहायच्या. नवऱ्याची आठवण आली असं म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. ऊस बघायला गेले होते, असं म्हणायची होती.

आणि मग आलं तुळशीचं लग्न.

आता तुळशीच्या लग्नाला वृंदावनाशेजारी ऊस उभा करायचा असतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. रंगूबाईंनी विचार केला की देवाला द्यायचं तर चांगलंच द्यावं. कोयता घेतला, आणि शिवारातला सगळ्यात उंच, सगळ्यात जाड ऊस तोडला. तो घेऊन त्या गल्लीनं निघाल्या मात्र, दारादारातनं बाया पुढं आल्या. "आवं मामी, काय ऊस हाय ह्यो! आमच्या तुळशीनं काय घोडं मारलंय?" रंगूबाईंना कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. सुलाबाई शाळेतनं घरी आल्या तेव्हा गावात पन्नास वृंदावनांशेजारी पन्नास ऊस डुलत होते, आणि रानात पाच बेटांच्या जागी पाच खुंट. लग्नं लागली, अक्षता पडल्या, आणि सकाळपर्यंत सगळे ऊस पोरांच्या पोटात. डोळ्यांसकट, शेंड्यापर्यंत.

उरलं एक बेट. विहिरीच्या पाठीमागं होतं म्हणून रंगूबाईंच्या नजरेला पडलं नाही.

सुलाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आणि आधी दोन खडू मोडले. मग विचारलं, "काल कुणी कुणी ऊस खाल्ला?"

अठ्ठावीस हात वर. पोरांना वाटलं, बाई खुशाली विचारतात.

"गोड होता?"

"लय गोड, बाई!"

"मग आता त्याचा हिशेब करू," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका मऊ होता की शेवटच्या बाकावरचा एकजण खाली सरकला. "एका उसाला चांगले डोळे दहा. दर डोळ्याचं एक बेट. दर बेटात दहा ऊस. तर तू काल जो एक खाल्लास, त्याचे पुढच्या साली किती झाले असते?"

"शंभर."

"त्या शंभराचे त्याच्या पुढच्या साली?"

"दहा हजार."

"आणि तिसऱ्या साली?"

वर्गानं बोटं मोजली, पाट्या पुसल्या, शून्यं मांडली. दहा लाख. आकडा बघून एक पोरगं रडायलाच लागलं. "बाई, म्या अर्धाच खाल्ला वं! अर्धा थोरल्या भावानं खाल्ला."

"मग तुझे पाच लाख," बाई म्हणाल्या. "बस खाली."

इतक्या शून्यांनी पाट्या भरल्या की लिहायला जागा उरेना. तेव्हा सुलाबाईंनी फळ्यावर दहा लिहिला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बारकासा सहा बसवला. "शून्यं लिहून झिजायला माझ्याकडं खडू न्हाईत. जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेतो की न्हाई? तसा हा दहा म्हणजे बाप. आणि दहा किती वेळा मांडून गुणायचा, ते सांगणारं हे खांद्यावरचं पोर. पोर दिसायला बारकं, पण सगळ्यात लांबचं त्यालाच दिसतं. पुस्तकात त्याला घातांक म्हणतात."

झालं. पोरांना खेळच सापडला. एका हंगामाला पोराचं वय दोननं वाढतं, हे त्यांनी आपापसांतच काढलं. पहिल्या साली खांद्यावर दोन, दुसऱ्या साली चार, तिसऱ्या साली सहा. पुढं पोरं कशालाही खांदे द्यायला लागली. कोंबडीची अंडी, आंब्याच्या कोया, गावातल्या कंड्या. एक कंडी एकानं दोघांना सांगितली तर हिंगणवाडी कितव्या फेरीत पुरी होते, हे सातवीनं खरंच गल्लीत फिरून मोजलं, आणि त्यापायी दोन घरांत भांडणंही लागली. बाईंनी मार दिला आणि मागाहून गणित बरोबर होतं म्हणून शाबासकीही दिली.

वर्गात सगळ्यात तिखट होती हरणा. तिचे वाडवडील माणदेशाकडचे, मेंढरांमागं फिरणारे. बापानं आता इथंच थोडं रान केलं होतं. हरणाला वही कमी आणि तोंड फार. बाईंनी एक प्रश्न विचारला की ती तीन उत्तरं द्यायची, आणि त्यातली दोन बरोबर असायची.

उरलेल्या बेटाचे दहा ऊस फेब्रुवारीत तोडून बेण्याला लावायचे, असं बाईंनी ठरवलं होतं. दहाचे हजार, हजाराचे लाख, लाखाचे कोट. गुंठ्याला हजार ऊस धरला तर कोटभर उसाला अडीचशे एकर लागतात. हिंगणवाडीचं सगळं बागायत अडीचशे एकर. म्हणजे तीन हंगामांत गाव भरतं! वर्गानं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं होतं, दहाच्या खांद्यावर सात. लागणीला आठवडा राहिला, आणि तपासणी आली.

तपासणीला आले साळुंखेसाहेब. दादासो साळुंखे, राहणार साताऱ्याला, मूळचे कोरेगावकडचे. माणूस वाईट नव्हता, पण कडक. त्या वर्षी तर वरूनच शिस्तीचं वारं सुटलेलं, त्यामुळे साहेब लोक होते त्याहून ताठ झाले होते. हेडगुरुजी लालासाहेब निकम सकाळपासून घामाघूम. त्यांनी बाईंच्या कानात आधीच सांगितलं होतं, "बाई, मेढ्याच्या वर डोंगरात एक शाळा मोकळी हाय. वस्ती सात घरांची. तिथं कुणाला धाडायचं त्याचं नाव साहेब आज ठरवणार. तेवढ्या तुमच्या गोष्टी आजच्या दिवस बंद ठेवा."

डोंगराला सुलाबाई भ्यायच्या नाहीत. पण रंगूबाईंना दिसायला कमी झालेलं, नवरा हजार कोसांवर, आणि बेट विहिरीमागं. आपण गेलो तर ह्या घराला सकाळी हाक मारणारंही कुणी राहणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. असलं दिसलं की माणसानं तोंडाला कुलूप घालावं. बाईंनी घातलंही. पण पोरांच्या तोंडाला कोण घालणार?

साहेबांनी पहिला प्रश्न टाकला. "दोनाचा पाचवा घात किती?"

"बत्तीस!" अख्खा वर्ग.

"ठीक. दहाचा शून्यावा घात किती?"

हा चकवा होता. लालासाहेब गुरुजींनी मनातल्या मनात शून्य म्हटलं आणि डोळे मिटले. हरणा उठली. "एक."

"का?"

"हंगामच झाला न्हाई की साहेब. ऊस अजून हातातच हाय. एक."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "ऊस? बरं, ते असू दे. घातांक म्हणजे काय, व्याख्या सांग."

"खांद्यावरचं पोर," हरणा म्हणाली.

"काय?"

"दहा बाप, सहा पोर. पोर जेवढं म्हणंल तेवढ्यांदा बाप मांडायचा आन् गुणायचं."

साहेबांनी पुस्तक उघडून व्याख्या शोधली, बोट ठेवलं, आणि एकेका पोराला उभं केलं. अठ्ठावीस पोरं उभी राहिली, अठ्ठावीस पोरांनी बापाला आणि पोरालाच उभं केलं. साहेबांनी पुस्तक मिटलं. "बाई, सरकारी पुस्तकात हा बाप कुठं आहे ते मला दाखवा."

"साहेब, उदाहरणं सगळी येतात त्यांना," सुलाबाई म्हणाल्या.

"उदाहरणं येतात, व्याख्या येत नाही. म्हणजे पाया कच्चा. मेढ्याकडं एक शाळा आहे. सात घरं आहेत, निवांत आहे. तिथं गोष्टी सांगायला भरपूर वेळ मिळेल तुम्हाला." आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

बाईंचा हात खडूच्या पेटीकडं गेला होता, तो त्यांनी मागं घेतला.

मधल्या सुट्टीत लालासाहेब गुरुजींनी साहेबांचा राग उतरवायचा उपाय काढला. असले उपाय त्यांना भारी सुचायचे, आणि नेहमी दुसऱ्याच्या जिवावर. "साहेब, मळ्याकडं चला की. ऊस खाऊया."

"ऊस? ह्या दिवसांत? सगळा कारखान्याला गेला असेल."

"सगळा गेला. पर आमच्या बाईंच्या विहिरीवर एक बेट हाय. असला ऊस तुमी जन्मात खाल्ला नसंल."

साहेबांचा चेहरा एकदम मवाळ झाला. साताऱ्याच्या कचेरीत बसून बसून त्यांनी दोन वर्षांत उसाला दात लावला नव्हता. आणि सुलाबाईंचं झालं, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! मळ्यात आलेल्या पाहुण्याला ऊस नाही म्हणायचं नसतं. वैऱ्यालाही म्हणत नाहीत, मग हा तर बदलीची लेखणी खिशात घेऊन आलेला पाहुणा. आणि दिला, तर एक ऊस म्हणजे तिसऱ्या सालचे पंचवीस एकर.

सगळे विहिरीवर गेले. मागोमाग सातवी, न बोलावताच. रंगूबाई तिथं म्हशीला पाणी दाखवत होत्या. साहेब ऊस खायला आलेत म्हटल्यावर म्हातारीला कोण आनंद! सुनेनं तोंड उघडायच्या आत कोयता चालला, आणि बेटातला सगळ्यात चांगला ऊस साहेबांच्या हातात. वीस कांड्यांचा, शेंड्याची वाढं छाटलेला. लालासाहेब गुरुजींना दात नव्हते, म्हणून दुसरा तोडायचा वाचला.

साहेबांनी ऊस मोडला नाही. अस्सल कोरेगावच्या मातीतला माणूस तो. अख्खा ऊस हातात धरला, बुडखा तोंडाकडं केला आणि पहिल्या कांड्याची साल दातानं उभी ओढली. रस मनगटावरनं कोपरापर्यंत गेला. "वा!" ते म्हणाले.

ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये, अशी आपल्यात म्हण आहे. म्हण करणाऱ्याला उसातलं काही कळत नव्हतं. मुळापासून खाल्ला तर चालतो. शेंड्यापर्यंत खाऊ नये. बुडख्याची दहा कांडी गेली तर काही गेलं नाही, ते डोळे उगवतच नाहीत. अकराव्या कांड्यापासून पुढं बाईंचं बेणं. पण खाणाऱ्याला अर्ध्यावर थांबा म्हणणं म्हणजे भरल्या ताटावरनं उठवणं. साहेबांनी आपणहून थांबायला हवं होतं, आणि तेही दहाव्या कांड्याला. पोरांना हे सगळं ठाऊक होतं. ती बांधावर रांगेनं बसली आणि ओठातल्या ओठात मोजायला लागली. एक. दोन.

"साहेब," सुलाबाई म्हणाल्या, "गोष्ट सांगू?"

लालासाहेब गुरुजींनी कपाळावर हात मारला.

"सांगा की," साहेब चोथा थुंकून म्हणाले. रसानं त्यांची शिस्त जरा सैल झाली होती. "नाही म्हटलं तरी सांगणारच तुम्ही."

"एक होता साहेब." पोरं खिदळली. "तो एका गावात गेला. त्यानं एक ऊस खाल्ला. आणि उठताना तो पंचवीस एकर खाऊन उठला."

"हा हा! ते कसं काय?" चौथं कांडं.

"पोरांनो, सांगा."

पोरांनी सुरात सांगितलं. एका उसाचे शंभर. शंभराचे दहा हजार, दहाच्या खांद्यावर चार. त्याचे दहा लाख, खांद्यावर सहा. गुंठ्याला हजार ऊस, म्हणजे हजार गुंठे, म्हणजे पंचवीस एकर. साहेब हसत हसत ऐकत होते आणि सोलत होते. सहावं. सातवं. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी!" साहेब म्हणाले. "बाई, मी शेतकऱ्याचा पोर आहे. उंदीर आहेत, वाळवी आहे, काणी आहे. दरसाल निम्मा ऊस मरतो."

"मग निम्मा धरा, साहेब."

"निम्मा धरला तर तुमचे पंचवीस एकर राहिले कुठं? साडेबारा." आणि त्यांनी आठवं कांडं फाडलं.

"चुकलं," हरणा म्हणाली.

लालासाहेब गुरुजी पांढरे पडले. आजवर तपासणीच्या साहेबाला चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं, निदान तोंडावर.

"काय चुकलं?" साहेबांनी विचारलं. नववं कांडं दातात होतं.

"दरसाल निम्मं म्हणलासा न्हवं? मग एकदा निम्मं करून कसं भागंल? तीन साल, तीनदा निम्मं. पंचवीसाचं साडेबारा, साडेबाराचं सव्वासहा, सव्वासहाचं तीन एकर पाच गुंठं." हरणानं श्वास घेतला. "साडेबारा न्हवं. तीन एकर पाच गुंठं."

साहेब चावायचे थांबले. मग पुन्हा चावायला लागले, पण सावकाश, नजर कुठंतरी लांब लावून. हात मात्र सवयीनं चालूच. दहावं कांडं सोललं गेलं, खाल्लं गेलं, चोथा पडला. पोरांनी मोजायचं सोडून श्वास धरला. सुलाबाईंना वाटलं, आता काय ते बोलून टाकावं, धाडलं मेढ्याला तर धाडलं. आणि तेवढ्यात साहेब उकिडवे बसले. ऊस मांडीवर आडवा ठेवला, आणि चिकट बोटानं मातीत लिहायला लागले. पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजार. गुणिले पन्नास, सव्वा लाख. भागिले हजार, एकशे पंचवीस गुंठे. तीन एकर पाच गुंठे. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच आलं.

"एवढं पडतं?" ते म्हणाले. "वर्षाला निम्मं, आणि शेवटाला आठवा हिस्साच हातात?"

"बाप शंभराचा पन्नास केलासा साहेब," हरणा समजुतीच्या सुरात म्हणाली. "खांद्यावरचं पोर तीनच हाय."

"आणि बाप शंभराच्या ऐवजी दोनशे केला तर?"

"तर आठपट!" अठ्ठावीस गळे एकदम ओरडले. म्हैस बिचकली.

साहेबांनी मांडीवरचा ऊस उचलला. अकराव्या कांड्यावरचा डोळा अंगठ्यानं चाचपला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. रंगूबाईंना वाटलं, पाहुणा लाजतोय. "आवं खावा की साहेब! अर्धा ऊस ठिवू ने. दुसरा तोडू का?"

साहेब म्हणाले, "नको आजी, पोट भरलं. माणूस खाऊन खाऊन किती एकर खाणार?" आणि ऊस बाईंपुढं धरला. "बुडखा तर गेला माझ्या पोटात. पण हे वरचे डोळे उगवतील ना?"

"तेच उगवतात साहेब," सुलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "बुडख्याचे उगवतच न्हाईत."

साहेबांनी वर बघितलं. बाईंकडं, मग बांधावरच्या पोरांकडं, मग मातीत पडलेल्या चोथ्याकडं. शेतकऱ्याचं पोर होतं, कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे माझा अजून एक गुंठाही खाऊन झालेला नाही."

"न्हाई साहेब. तुमी दहाव्याला थांबलासा."

"थांबलो नाही. थांबवलंत."

साहेबांनी विहिरीच्या पाण्यानं हात धुतले, कोपरापर्यंत, आणि तडक शाळेच्या वाटेला लागले. लालासाहेब गुरुजी मागून चालता चालता कुजबुजले, "बाई, हात दाखवून अवलक्षण केलंसा. मेढ्यासाठी सामानाची पेटी भरा आता." सुलाबाईंना रडू येत होतं आणि रागही. पण खरं सांगायचं तर थोडं हसूही येत होतं, कारण पुढं हरणा चालत होती, आणि चालता चालता तिची बोटं अजून काहीतरी निम्मं करत होती.

साहेबांनी हेडगुरुजींच्या टेबलाशी बसून शेऱ्याची वही मागवली. बराच वेळ लिहिलं. एकदा थांबून खिडकीतून बाहेर बघितलं, मग आणखी चार ओळी लिहिल्या. वही मिटली, टोपी घातली आणि चारच्या एस्टीनं निघून गेले.

वहीकडं कुणी जाईना. गुरुजींना चष्मा सापडेना. तो त्यांच्या कपाळावर होता. अखेर सुलाबाईंनीच वही उघडली. साहेबांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

'इयत्ता सातवी, गणित. घातांकाची व्याख्या एकाही विद्यार्थ्यास सांगता आली नाही. घातांक सर्वांस येतो. तपासणी अधिकाऱ्याचे एक उदाहरण चुकले, ते कुमारी हरणा हिने दुरुस्त केले. शिक्षिका विषय सोडून बोलतात, तथापि विषयावरच येतात. बदलीबाबत. सदर शिक्षिकेस येथून हलवल्यास होणारे नुकसान पहिल्या वर्षी दिसून येणार नाही. दुसऱ्या वर्षी किंचित दिसेल. तिसऱ्या वर्षी ते मोजणे कोणत्याही कचेरीस शक्य होणार नाही. सबब हलवू नये.'

"काय लिवलंय?" लालासाहेब गुरुजींनी विचारलं. "मेढा का?"

सुलाबाईंनी वही दारातनं डोकावणाऱ्या हरणाच्या हातात दिली. हरणानं ती पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवली, साहेबांचं उदाहरण चुकलं तिथं मुद्दाम थांबली, आणि 'सबब हलवू नये' हे मात्र कुणी न सांगता दोनदा वाचलं.